ईश्वरेच्छा असल्यास सकाळी सहा वाजता

चर्चच्या फळ्यावर दौऱ्याची सूचना लागते तेव्हा तीत दोन गोष्टी हमखास असतात. वर जीप सुटण्याची वेळ आणि तळाशी ‘ईश्वरेच्छा असल्यास’. वेळ ठळक अक्षरांत असते, ईश्वरेच्छा बारीक अक्षरांत. विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरांचं जे होतं तेच इथेही होतं. ती कुणी वाचत नाही आणि शेवटी लागू तीच पडतात.

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) मिशनची परंपरा जुनी. अमेरिकन मिशनचं काम इथे १८३१ साली सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. त्यामुळे गावोगाव जाणं, औषधं वाटणं, भजनं म्हणणं, सुवार्ता सांगणं हे आमच्या मंडळीच्या अंगवळणी पडलेलं आहे. दौरा ठरवायचा म्हटला की सभा भरते. सभेत पोटसमिती नेमली जाते. जीप कुणाच्या मेहुण्याची घ्यायची यावरून पोटसमितीत दोन तट पडतात. मग प्रार्थना होते आणि खजिनदारांचा मेहुणा ठरतो. एवढ्या खटपटीनं जमवलेला दौरा मोडायला मात्र एक पाऊस पुरतो.

आणि दौरा मोडला की मंडळीतला एकेकाचा विश्वास किती आणि कसल्या जातीचा, हे दिसायला लागतं. घाट बंद झाल्याची बातमी आली की ज्यांना जायचं असतं ते म्हणतात, सैतान अडवतोय. ज्यांना घरी राहायचं असतं ते म्हणतात, प्रभू थांबवतोय. पाऊस तोच, दरड तीच, बातमी देणारा पोरगाही तोच. ज्याच्या घरी त्या दिवशी पाहुणे यायचे असतात त्याला प्रभूचा आवाज सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

अशा वेळी प्रेषित पौलाकडे पाहिलं की जरा धीर येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय सुरू होता होताच दोन दौरे रद्द होतात. पौल आणि सीला आसिया प्रांतात वचन सांगणार होते, तिथे पवित्र आत्म्यानं मनाई केली. बरं, मग बिथुनियाला जाऊ म्हणाले, तर तिकडेही जाऊ दिलं नाही. का, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं सांगितलेलं नाही. शेवटी चालत चालत समुद्र लागला, त्रोवसला मुक्काम पडला आणि रात्री पौलाला दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक पुरुष उभा राहून विनवतो आहे, इकडे येऊन आम्हाला मदत करा. मंडळी लगोलग जहाजात बसली आणि फिलिप्पैला पोचली. शब्बाथाला नदीकाठी गेली, तर तिथे सगळ्या बायका! दृष्टान्तातला तो पुरुष पुढे कधी भेटल्याची नोंद नाही. भेटली ती थुवतीराची लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी. तिनं ऐकलं, विश्वास ठेवला आणि आग्रह करकरून सगळ्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई हा अध्याय फार चवीनं वाचून दाखवतात. त्यांचं म्हणणं, दृष्टान्तात येऊन बोलावणं करायला पुरुष असतात, पण प्रत्यक्ष पोचल्यावर उतरायची आणि जेवायची सोय कोण बघतं ते पाहून घ्या.

त्याच फिलिप्पैत पुढे पौल आणि सीलाला फटके बसले आणि पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं गेलं. दृष्टान्तात त्याचा उल्लेख नव्हता.

गंमत अशी की हाच पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना म्हणतो, तुमच्याकडे यायचं मी एकदा नव्हे दोनदा ठरवलं होतं, पण सैतानानं अडवलं. म्हणजे एक वाट आत्म्यानं बंद केली आणि दुसरी सैतानानं, आणि दोन्ही पाट्या लावणारा पौल एकच. कुठली पाटी कुठे लावायची हे त्याला कसं कळायचं, एवढं त्यानं लिहून ठेवलं असतं तर आमच्या निम्म्या सभा वाचल्या असत्या. करिंथच्या लोकांना तर हे बेत बदलणं मुळीच पटलं नव्हतं. येतो म्हणून सांगून पौल आला नाही, तेव्हा तिथे कुरकुर झाली असावी, कारण दुसऱ्या पत्रात त्याला खुलासा करावा लागला की मी एकाच तोंडानं होय-होय आणि नाही-नाही म्हणणारा माणूस नव्हे. करिंथातही कुणीतरी पाहुण्यांच्या हिशेबानं स्वयंपाक करून बसलं असणार. रोमकरांना लिहिलेलं ते थोर पत्रसुद्धा, यायचं पुष्कळदा योजलं पण जमलं नाही, अशा माणसाचं आहे. पौल वेळच्या वेळी सगळीकडे पोचत गेला असता तर नव्या करारातली बरीच पत्रं लिहायचं त्याला कारणच उरलं नसतं. त्याचा बेत होता रोमवरून पुढे स्पेनला जायचा. रोमला तो पोचला, पण कैदी म्हणून, सरकारी खर्चानं, २७६ माणसांचं जहाज माल्टा बेटापाशी फुटल्यावर.

आपल्या मराठी मिशनची कुळकथा याच घराण्यातली आहे. १८०६ सालच्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला. पोरं गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरली आणि बाहेर पडता येईना म्हणून परदेशात मिशनरी पाठवण्याविषयी बोलत बसली. अमेरिकन लोक आपल्या परदेशी मिशनचं मूळ या गंजीत दाखवतात. चार वर्षांनी, १८१० साली, अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. अडोनिराम जडसन नावाच्या उमेदवाराला बोर्डानं पुढच्याच वर्षी लंडनच्या मिशनशी बोलणी करायला इंग्लंडला धाडलं. वाटेत फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजानं त्याचं जहाज पकडलं आणि जडसन फ्रान्समध्ये बायोनच्या तुरुंगात जाऊन पडला. बोर्डानं पहिल्यांदा माणूस बाहेर पाठवला आणि तो भलत्याच देशाच्या कोठडीत निघाला! आमच्याकडे असं झालं असतं तर बोर्डाच्या बरखास्तीचा ठराव त्याच आठवड्यात आला असता, आणि सूचक खजिनदार असते.

तरी १८१२च्या फेब्रुवारीत दोन जहाजं सुटली. सेलमहून ‘कॅरावान’, तिच्यावर जडसन आणि सॅम्युएल न्यूएल, दोघे नुकतेच लग्न झालेले, बायकांसह. फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’, तिच्यावर गॉर्डन हॉल, नॉट पतिपत्नी आणि ल्यूथर राइस. कलकत्त्याशेजारी श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे बॅप्टिस्ट सहकारी होते. ते लहान मुलांचा बाप्तिस्मा मानत नसत. त्यांच्याशी वाद पडला तर आपली बाजू पक्की असावी म्हणून जडसननं जहाजावर अभ्यास मांडला. चार महिने समुद्र, हाताशी पुस्तकं, दुसरं काम नाही. अभ्यास इतका पक्का झाला की पोचेपर्यंत तो समोरच्या बाजूचा होऊन बसला. कलकत्त्यात उतरून त्यानं बॅप्टिस्टांकडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डाच्या पैशानं आला त्यालाच राजीनामा पाठवला. दुसऱ्या जहाजावरचा राइस महिन्या-दोन महिन्यांत त्याच वाटेनं गेला. बोर्डाच्या सेक्रेटरीनं ती पत्रं कुठल्या चेहऱ्यानं वाचली असतील याचा विचार मी कधीकधी आमच्या सेक्रेटरींकडे बघून करतो.

तोवर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं या सगळ्यांना हाकलायला सुरुवात केली होती. कंपनीला व्यापार हवा होता, मिशनरी नको होते. त्यात ‘कॅरावान’ १७ जूनला कलकत्त्याला पोचली आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १८ जूनला, अमेरिकेनं इंग्लंडशी युद्ध पुकारलं. बातमी यायला काही महिने गेले, पण आली तेव्हा ही मंडळी नुसती नकोशी पाहुणी राहिली नाहीत, शत्रूची माणसं झाली. मग फाटाफूट. न्यूएल पतिपत्नीला मॉरिशसला जाणारं जहाज मिळालं. जडसनला तरुणपणापासून ओढ ब्रह्मदेशाची होती, पण तिथे जाण्यात अर्थ नाही असं जाणत्यांनी पटवून दिलं होतं. तोही मॉरिशसला गेला, तिथून मद्रासला आला, आणि मद्रासला पुन्हा हद्दपारीची भीती उभी राहिली तेव्हा सुटण्याच्या बेतात असलेलं जहाज निघालं ते नेमकं रंगूनचं. सगळ्यांनी नको म्हटलेल्या आणि स्वतः सोडून दिलेल्या मुक्कामी तो १८१३च्या जुलैत पोचला आणि पुढचं सगळं आयुष्य त्या देशाला दिलं. राइस पैसे गोळा करून परत येतो म्हणून अमेरिकेला गेला. पैसे त्यानं जन्मभर गोळा केले. परत यायचं राहिलं.

इथे एका जागी माझा विनोद थांबतो. हॅरिएट न्यूएल मॉरिशसला पोचण्याआधी समुद्रातच बाळंत झाली, बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी ती स्वतःही गेली. वय १९. तिच्या आठवणींचं पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं आणि ते वाचून कितीतरी जणी या कामाकडे वळल्या. म्हणून काही उपदेशक तिच्या मरणाला योजना म्हणून मोकळे होतात. मला ते जमत नाही. देवावर भरवसा ठेवणं निराळं आणि देवाच्या वतीनं हिशेब जुळवून दाखवणं निराळं, आणि दुसऱ्या कामाला आपल्याकडे उमेदवार जरा जास्तच असतात. तिच्या नवऱ्यानं असला हिशेब मांडला की नाही कोण जाणे. एकटा सिलोनला गेला, आणि तिथून १८१४ साली मुंबईला येऊन कामाला लागला.

मुंबईला, कारण हॉल आणि नॉट तिथे होते. कलकत्त्याहून त्यांना इंग्लंडला रवाना करायचा हुकूम सुटला होता. तो अमलात यायच्या आत दोघं मुंबईच्या जहाजात बसले आणि ११ फेब्रुवारी १८१३ला उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना मिशनऱ्यांविषयी सहानुभूती होती, पण वरचा हुकूम तो हुकूम. पाठवणीची तयारी झाली तेव्हा हे दोघं गुपचूप कोचीनकडे सटकले. धरून परत आणले गेले. आता आमच्या मंडळीच्या मोजपट्टीनं ही देवाची किती वेळा ‘नाही’ झाली? कलकत्ता नाही, मुंबई नाही, कोचीन नाही. आमचे खजिनदार असते तर पहिल्या नाहीलाच प्रभूचा इशारा ओळखून परतीचं तिकीट काढून मोकळे झाले असते. हॉल आणि नॉटनी गव्हर्नरला लांबलचक अर्ज लिहिला. न्यायाच्या दिवशी आपण सगळे एकाच दरबारात उभे राहणार आहोत, तेव्हा आम्हाला घालवून देण्यापूर्वी विचार करा, अशा थाटाचा. सरकारी दप्तरात अशा मजकुराचे अर्ज फार नसतील. तिकडे लंडनला १८१३ सालीच कंपनीची सनद पार्लमेंटपुढे आली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि हे दोघं मुंबईत राहिले ते राहिले.

म्हणून मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. देवाच्या नावानं आलेला निरोप जर आपल्याला आपल्याच पलंगावर परत नेत असेल, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पुन्हा ऐकून पाहावा. खोटाच असेल असं नाही. नॉटचं ते खरं निघालं. प्रकृतीमुळे तो १८१५ साली अमेरिकेला परतला आणि १८६९पर्यंत जगला. हॉल राहिला, मराठी शिकला, नव्या कराराचं भाषांतर केलं आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. दोघांत कुणी मार्गदर्शन चुकीचं ऐकलं, हे मला कुणी विचारू नये.

पण या मंडळींनी मुंबईत जे केलं त्याचं पुढे काय झालं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांनी छापखाना घातला. १८१७ सालापासून त्यातून मराठी शास्त्रपत्रकं निघू लागली. ते यंत्र पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या हुशार माणसाला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. त्यानं स्वतः खटपट करून शिळाप्रेस उभा केला, शाई तयार केली आणि १८३१ साली त्यातून काय काढलं? छापील मराठी पंचांग! गंजीतल्या प्रार्थनेपासून निघून, बायोनचा तुरुंग, कंपनीचा हुकूम, कोचीनची पळापळ असं करत करत जी गोष्ट मुंबईला आली, तिच्या शेपटाला राहुकाळ आणि प्रवासाचे मुहूर्त लागलेले आहेत. दौऱ्याला निघायचा दिवस शुभ की अशुभ हे घरोघरी छापील कागदावर पाहायची सोय मराठी माणसाला झाली, तीत त्या अमेरिकन बोर्डाचा हा असा हातभार. प्रभूला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी मला भेटावं.

हे एकट्या अमेरिकनांचंच नाही. खुद्द केरी कॅप्टन कुकचे प्रवास वाचून ताहितीची स्वप्नं बघायचा. गेला बंगालला, तेही पहिल्या जहाजातून परवान्याअभावी उतरवला गेल्यावर, आणि १८०५ साली त्यानं छापलं मराठीचं व्याकरण. मिशनरी लिव्हिंग्स्टनला चीनला जायचं होतं, मध्ये अफूचं युद्ध आलं म्हणून आफ्रिकेला गेला. त्याच्या शेवटच्या प्रवासात सोबतीला होते ते आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेले आफ्रिकी तरुण. झेवियरच्या जागी बोबादिया नावाचा दुसराच पाद्री हिंदुस्थानला यायचा होता. तो आजारी पडला, म्हणून झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला. आज जुन्या गोव्याला झेवियरच्या दर्शनाला जी रांग लागते ती मूळ एका आजारपणाच्या कृपेनं, आणि ते आजारपण झेवियरला आलेलंसुद्धा नव्हतं.

हे सगळं मी राजूरच्या अलीकडे एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर बसून आमच्या मंडळींना सांगत होतो. ऑगस्ट महिना, पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, पुढच्या एका वाडीवर तपासणी शिबिर ठरलेलं. वाटेत चहाच्या टपरीवर कळलं, घाटात दरड आली, रस्ता बंद. मेहुण्यांनी जीप तिथेच उभी केली. तरुण संघ म्हणाला, सैतान. खजिनदार म्हणाले, प्रभू, आणि डिझेलही वाचलं. पाळकसाहेब म्हणाले, आपण थांबून मार्गदर्शन मागू या. मग ओसरीवर सतरंजी अंथरली गेली, पेटी निघाली, भजनं झाली, एकेकानं लांब लांब प्रार्थना केल्या. अध्यक्षबाई पौलाचं नाव न घेता मागच्या बाजूला गेल्या आणि चूल मांडून पिठलं-भाताला लागल्या.

वासानं म्हणा, पेटीच्या आवाजानं म्हणा, गाव जमलं. जमलेल्यांत कुणाला खोकला, कुणाचे गुडघे, एका पोराच्या कानात काहीतरी. आमच्या डॉक्टरीणबाई शिबिराचं खोकं उघडून बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. मुक्काम तिथेच पडला. सकाळी पुन्हा रांग. अकराच्या सुमारास पाळकसाहेबांनी डोळे मिटून आभाराची प्रार्थना केली. ही दरड म्हणजे प्रभूचं बोट होतं, त्यानं हेच गाव आम्हाला दाखवलं, असं ते म्हणाले, आणि या वेळी तरुण संघ व खजिनदार यांनी एकाच सुरात आमेन म्हटलं. इतकं एकमत आमच्या मंडळीत मी पाहिलं नव्हतं.

रांगेत शेवटी एक आजोबा होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या आणि सहज विचारलं, “आजोबा, घाटातली दरड कधी निघेल, काही कळलं का?”

“ती व्हय? ती काल दुपारीच काढली की. माझी नात सांजच्या गाडीनं त्याच रस्त्यानं आली.”

ओसरीवर सगळे गप्प. खजिनदारांनी मेहुण्यांकडे पाहिलं, मेहुण्यांनी जीपकडे.

“अहो मग आजोबा, काल सांगितलं का नाही?” पाळकसाहेब म्हणाले.

“दोनदा आलो व्हतो सांगाया,” आजोबा म्हणाले. “तुमी समदे डोळे मिटून बसल्याले.”